स्वतःच्या टेक्स्ट एडिटरमध्ये ओळ घालायच्या कमांड : खाली, वर, मधे. तीन फंक्शनं की एकच?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. सी मध्ये टर्मिनलवर चालणारा छोटा एडिटर लिहितोय, सुरुवात किलोचा कोड वाचून केली (किलो म्हणजे अँटिरेझ या प्रोग्रामरचा छोटा टेक्स्ट एडिटर, २०१६ चा, हजार ओळींच्या आत बसवलेला, ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचा). किलोमध्ये मोड (टाइप करायचा वेगळा, कमांड द्यायचा वेगळा) वगैरे नाहीत, मला व्हीआय या जुन्या युनिक्स एडिटरसारख्या कमांड हव्यात म्हणून आता तो भाग मी घालतोय.

माझ्याकडे ओळींचा एक अ‍ॅरे आहे, प्रत्येक ओळीत मजकुराचा पॉइंटर (मजकूर मेमरीत कुठे आहे ते) आणि लांबी. आता ओळ घालायचे प्रकार बघा किती झाले. छोटा ओ म्हणजे कर्सरच्या खाली नवी ओळ, मोठा ओ म्हणजे वर नवी ओळ, इन्सर्ट मोडमध्ये एन्टर म्हणजे ओळ मधून तोडायची, पी म्हणजे कॉपी केलेल्या ओळी खाली पेस्ट, मोठा पी म्हणजे वर पेस्ट, आणि दुसरी फाईल वाचून मधे घालायची ती आर कमांड. मी प्रत्येकाचं फंक्शन वेगळं लिहायला घेतलं आणि प्रत्येकात इंडेक्सची +१ -१ वेगळी यायला लागली, पहिल्या ओळीला एक वेगळा इफ, शेवटच्या ओळीला दुसरा इफ, रिकामी फाईल असेल तर तिसरा. सध्या रिकाम्या फाईलमध्ये छोटा ओ दाबला तर काहीच होत नाही, एरर पण नाही, नुसता कर्सर खाली जातो आणि तिथे ओळच नसते.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, हे सगळं एकाच फंक्शनवर बसवता येतं का आणि ते फंक्शन नेमकं कसं असावं. दोन, ५ओ (म्हणजे ओ पाच वेळा) सारखा आकडा आधी आला तर काय करायचं. मी यात मराठी मजकूर पण लिहिणार आहे, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

---

जुना_टर्मिनल

एकच फंक्शन पुरतं, आणि हे पन्नास वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलंय. केन थॉम्पसनचा एड घ्या, युनिक्सचा अगदी जुना, ओळीओळीने चालणारा एडिटर. सहाव्या एडिशनच्या युनिक्समधला (१९७५) एडचा सोर्स नेटवर सगळ्यांना वाचायला आहे, सी मधली एक फाईल आहे. त्यात ओळ घालणारं फंक्शन एकच, नाव अपेंड. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, ओळी कुठून आणायच्या ते (कीबोर्डवरून की फाईलमधून) आणि कुठल्या ओळीच्या *नंतर* घालायच्या ते.

आता गंमत बघा.

ए कमांड (नंतर घाल) : अपेंडला दिलेला पत्ता (म्हणजे ओळीचा नंबर) जसाच्या तसा.
आय कमांड (आधी घाल) : अपेंडला पत्ता वजा एक.
सी कमांड (बदल) : आधी त्या ओळी डिलीट, मग अपेंडला पहिला पत्ता वजा एक.
आर कमांड (फाईल वाच) : तेच अपेंड, फक्त ओळी कीबोर्डऐवजी फाईलमधून.

बस. संपलं. हे चालतं कारण त्यात शून्य नंबरची ओळ असते. म्हणजे मजकुराची ओळ नसते ती, पॉइंटरच्या अ‍ॅरेतलं पहिलं घर मुद्दाम मोकळं ठेवलंय आणि त्याचं नावच झिरो आहे. पहिली खरी ओळ त्याच्या पुढच्या घरात. त्यामुळे 'पहिल्या ओळीच्या आधी' हा वेगळा प्रकार उरतच नाही, ते 'शून्याच्या नंतर' होतं. फाईल पूर्ण रिकामी असली तरी शून्य असतोच, म्हणून तिथेही घालता येतं. एड वापरणारे आजसुद्धा ०ए असं लिहून फाईलच्या डोक्यावर मजकूर घालतात, विममध्ये (व्हीआयची आजची सुधारित आवृत्ती) ०आर लिहून वरती फाईल वाचतात, सगळं त्याच शून्यामुळे.

तुमचे तिन्ही इफ या एका रिकाम्या घराने जातील.

---

गोदाकाठ

काकांचं बरोबर आहे पण अर्धविराम, तुझ्याकडे किलोचा पाया आहे आणि किलोत 'नंतर घाल' नाहीये, तिथे 'या जागी घाल' आहे. ० पासून मोजायचं, ० दिलं की सगळ्यात वर, एकूण ओळींइतका आकडा दिला की सगळ्यात खाली. मला स्वतःला हेच जास्त स्वच्छ वाटतं. रिकामं घर सांभाळत बसायला नको, अ‍ॅरे ० पासून सुरू होतो तसाच वापरायचा.

---

जुना_टर्मिनल

@गोदाकाठ मान्य, दोन्ही एकच आहे हो. मूळ गोष्ट अशी की न ओळी असतील तर ओळ घालायच्या जागा न+१ असतात. पंगतीत पाच पानं मांडलीत आणि सहावा आला, तर त्याला बसवायला जागा सहा, सगळ्यांच्या आधी धरून. या न+१ जागांना ० ते न असे नंबर द्यायचे. 'ओळ क्रमांक क च्या नंतर' (१ पासून मोजून) आणि 'इंडेक्स क च्या जागी' (० पासून मोजून) हे दोन्ही एकाच जागेवर बोट ठेवतात, आकडा सुद्धा तोच येतो.

गडबड कुठे होते, तर नंबर *ओळीचा* आहे की *जागेचा* हे एकाच प्रोग्राममध्ये मिसळलं की. कर्सर ओळीवर असतो, घालणं जागेत होतं. छोटा ओ आणि मोठा ओ यांचं काम एवढंच, की कर्सरच्या ओळीवरून जागा काढायची. एक खालची जागा देतो, एक वरची. पुढचं सगळं एकच.

---

गोदाकाठ

हां, असं मांडलं तर माझा आक्षेप नाही. फक्त एक कुठलंतरी निवड आणि शेवटपर्यंत तेच ठेव.

---

तांबडी_माती

विमचा सोर्स पाहिलात तर तिथेही हेच दिसेल. ब्राम मूलेनारने विम १९९१ मध्ये बाहेर काढला, त्याच्या आत ओळी साठवायची पद्धत एडपेक्षा पूर्ण वेगळी आहे, ब्लॉकचं झाड आहे, स्वॅप फाईल आहे, पण सगळ्यात तळाचं फंक्शन एमएल_अपेंड, आणि त्याला ओळ नंबर द्यायचा ज्याच्या *नंतर* घालायचं, शून्य चालतो. त्याच्या वरती ओपन_लाइन नावाचं फंक्शन आहे जे छोटा ओ, मोठा ओ आणि एन्टर तिघंही वापरतात, दिशा पाठवायची, पुढे की मागे. मागे असेल तर आत कर्सरचा ओळ नंबर एकने कमी करतात आणि पुढचा कोड कॉमन. पत्ता वजा एक, अगदी काकांनी एडचं सांगितलं तसंच.

म्हणून दोन थर कर. खालचा थर फक्त ओळी घालतो, त्याला कर्सर, इंडेंट, मोड काही माहीत नाही. वरचा थर ठरवतो कुठे घालायचं, इंडेंट किती, कर्सर कुठे ठेवायचा.

तुझा रिकाम्या फाईलचा प्रॉब्लेम काय आहे ते पण सांगते. किलोत कर्सर शेवटच्या ओळीच्या *एक खाली* जाऊ शकतो, तिथे ओळ नसते. रिकाम्या फाईलमध्ये कर्सर ० वर, ओळी पण ०. तू खाली म्हणून कर्सर+१ पाठवतोस, म्हणजे १, आणि किलोचं फंक्शन एकूण ओळींपेक्षा मोठा आकडा आला की गुपचूप रिटर्न होतं. ओळ घातली जात नाही पण तुझा वरचा कोड कर्सर मात्र हलवतो. खालच्या थराने चूक आली तर ओरडलंच पाहिजे, डेव्हलप करताना तिथे असर्ट (अट खोटी निघाली की प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) टाक, गुपचूप रिटर्न काढून टाक.

आणि ठरवून टाक की रिकामी फाईल म्हणजे काय. एडमध्ये रिकामी म्हणजे खरंच शून्य ओळी. विममध्ये बफरला कायम किमान एक ओळ असते, रिकामी का होईना, म्हणून नव्या फाईलमध्ये ओ दाबला की दोन ओळी होतात. व्हीआयसारखा हवा असेल तर विमसारखं कर, कर्सरला नेहमी उभं राहायला ओळ मिळते, बरेच इफ वाचतात.

---

अर्धविराम

खूप खूप धन्यवाद तिघांनाही, डोक्यात लख्ख झालं. विमसारखं किमान एक ओळ ठेवतो. खालच्या थराचं असं लिहितोय, मराठीतच टाकतो म्हणजे सगळ्यांना वाचता येईल :

ओळी_घाल(जागा, किती, ओळी)
  असर्ट: ० <= जागा <= एकूण
  अ‍ॅरे रीअ‍ॅलॉक (मेमरी वाढवून घेणारं फंक्शन) करून एकूण + किती इतका मोठा कर
  जागा पासून पुढचे सगळे मेममूव्हने (मेमरीतला तुकडा सरकवणारं फंक्शन) किती घरं पुढे सरकव
  मोकळ्या घरांत ओळी ठेव
  एकूण += किती

आणि एन्टरचं :

ओळ = &अ‍ॅरे[कर्सर]
ओळी_घाल(कर्सर + १, १, ओळीचा उजवा भाग)
ओळ->लांबी = कर्सरचा कॉलम
ओळ->मजकूर तिथेच संपव

एवढं बरोबर वाटतंय का? आणि दरवेळी मेममूव्ह करणं स्लो नाही का होणार, लाखभर ओळींची लॉग फाईल उघडली तर?

---

तांबडी_माती

एन्टरमध्ये थांब. ओळ हा पॉइंटर तू आधी घेतलास, मग ओळी_घाल बोलावलंस, त्याच्या आत रीअ‍ॅलॉक आहे. रीअ‍ॅलॉकने अख्खा अ‍ॅरे मेमरीत दुसरीकडे हलवला असू शकतो, मग तुझा ओळ पॉइंटर जुन्या, फ्री झालेल्या जागेकडे बघतोय आणि तू तिथे लांबी लिहितोयस. वाईट म्हणजे बहुतेक वेळा हलत नाही, त्यामुळे तुझ्या मशीनवर चालेल आणि मोठ्या फाईलवर कधीतरी अचानक फुटेल. घालून झाल्यावर ओळ = &अ‍ॅरे[कर्सर] परत लिही. किलोवरून बनवलेलं जे पायरी पायरीचं ट्युटोरियल आहे त्यातही ही ओळ मुद्दाम परत लिहिलेली आहे आणि कारण सांगितलंय.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून कंपाइल करत जा, असलं सगळं पहिल्या फटक्यात पकडलं जातं.

दुसरं, उजव्या भागाची कॉपी ओळी_घालच्या *आत* झाली पाहिजे. नुसता पॉइंटर ठेवलास तर दोन ओळी एकाच मेमरीवर बसतील आणि एक डिलीट केली की दुसरी गेली.

---

खडूफळा

मेममूव्हच्या स्पीडबद्दल. घाबरू नकोस. तू ओळींचा मजकूर हलवत नाहीयेस, फक्त पॉइंटर आणि लांबी हलवतोयस, समजा एका ओळीमागे १६ बाइट. लाख ओळींच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ओळ घातलीस तर १६ लाख बाइट सरकतात, म्हणजे दीड एमबी. आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर हे एका मिलिसेकंदाच्या आसपास किंवा आतच होतं. माणूस किती वेगाने ओ दाबणार? टाइप करणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

पण किलोच्या स्ट्रक्टमध्ये (एका ओळीची सगळी माहिती एकत्र ठेवणारी रचना) सिंटॅक्स रंगांचा अ‍ॅरे, रेंडर केलेला मजकूर असं बरंच काही असतं आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ओळीत तिचा स्वतःचा नंबर साठवलेला असतो, तो पुढच्या सगळ्या ओळींसाठी एकेकाने वाढवावा लागतो. तो नंबर काढूनच टाक. ओळीने आपला नंबर साठवायचाच नाही, अ‍ॅरेतल्या जागेवरून कळतोय ना.

खरा धोका आर आणि पी मध्ये आहे. पन्नास हजार ओळींची फाईल दुसऱ्या मोठ्या फाईलच्या डोक्यावर वाचायची आणि तू एकेक ओळ घालत बसलास तर मेममूव्ह पन्नास हजार वेळा होतो, दर वेळी सगळं शेपूट सरकतं. जुना एड असंच करायचा, प्रत्येक नव्या ओळीला पुढचे सगळे पॉइंटर एकेक घर सरकवायचा, पण तेव्हा फायली छोट्या होत्या, पीडीपी-११ या तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत मोठ्या फाईलचे पॉइंटरसुद्धा मावणार नाहीत. तू 'किती' हा पॅरामीटर घेतलायस ते एकदम बरोबर केलंस, एकदाच सरकव आणि मग भर. रीअ‍ॅलॉक पण दर वेळी एकेकाने नको, क्षमता वेगळी ठेव आणि संपली की दीडपट किंवा दुप्पट कर.

कधी खरंच अपुरं पडतं तेही सांगतो. व्हीएस कोड आधी ओळींचाच अ‍ॅरे वापरायचा. कुणीतरी ३५ एमबीची फाईल उघडली, तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या. दर ओळीमागे एक ऑब्जेक्ट, ४० ते ६० बाइटचा, असं करून ६०० एमबी मेमरी गेली. त्यानंतर २०१८ मध्ये त्यांनी पीस टेबलवर (मजकुराचे तुकडे कुठे आहेत त्याची यादी) रेड ब्लॅक ट्री (पटकन शोधता येणारं झाड) बसवून नवीन बफर आणला. बघ, तिथे त्रास ओळ *घालण्याचा* नव्हता, ओळी साठवण्याचा होता. तुझ्या वापराला अ‍ॅरे पुरे.

---

मध्यरात्र

वाखु (वाचनखूण) साठवली आहे, फार छान चर्चा.

मराठीचं विचारलं होतंस त्यावर. छोटा ओ, मोठा ओ, पी, आर यांना भाषेशी काही देणंघेणं नाही, अख्खी ओळ घालतोय. प्रश्न फक्त एन्टरचा आहे कारण तिथे ओळ *तुटते*, आणि किलो पूर्णपणे बाइटवर चालतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कोड पॉइंट (युनिकोडने एका चिन्हाला दिलेला नंबर) ३ बाइटचं. 'क्षि' घे, डोळ्याला एक अक्षर दिसतं पण आत क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी असे चार कोड पॉइंट, म्हणजे १२ बाइट. बाइटने चालणाऱ्या एडिटरात कर्सर या १२ बाइटच्या मधे कुठेही उभा राहू शकतो. चौथ्या बाइटनंतर एन्टर मारलास तर हलन्ताचे तुकडे होतात, दोन्ही ओळींत चौकोन दिसतात आणि फाईल वैध यूटीएफ-८ उरत नाही.

कोड पॉइंटच्या हद्दीवर तोडलंस तरी अर्धवट काम झालं, वरच्या ओळीच्या शेवटी क् आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला षि. किंवा त्याहून वाईट, खालची ओळ नुसत्या वेलांटीने सुरू होते आणि टर्मिनल तिच्याआधी ठिपक्यांचा गोल काढतं. तोडायचं ते ग्राफीम क्लस्टरच्या (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा कोड पॉइंटचा गट) हद्दीवर. इथे लायब्ररी वापरणार असशील तर तिचं युनिकोड व्हर्जन बघ. युनिकोडचे जुने नियम जोडाक्षर हलन्तानंतर तोडायला परवानगी द्यायचे, क् वेगळा आणि षि वेगळा. १५.१ या आवृत्तीत (२०२३) नवा नियम आला ज्याने देवनागरी धरून काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरली जातात. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी असेल तर हे तुला स्वतः करावं लागेल.

टेस्टला 'दर्‍या', 'सुर्‍या' असले शब्द नक्की घे. रफाराऐवजी हा जो आडवा र येतो तो बरेच जण र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप करतात, काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त देतात. दोन्ही प्रकार टिकले पाहिजेत. इतर भाषांवर टेस्ट केलेल्या एडिटरात हे कुणी तपासलेलं नसतं, आपणच तपासायला हवं, म्हणून एवढं लिहितोय.

---

अर्धविराम

@मध्यरात्र हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे कर्सर हलवतानाच क्लस्टरवर थांबवायचा, मग एन्टरला वेगळं तपासायला नको, बरोबर ना?

@तांबडी_माती ताई, पॉइंटर परत घेतला, सॅनिटायझर लावला, आणि खरंच मोठी फाईल उघडून शेवटाकडे एन्टर मारल्यावर आधीचा कोड पकडला गेला.

---

मध्यरात्र

बरोबर. पण असर्ट तिथेही ठेव. सर्च करून कर्सर उडी मारतो, उंडू करून मारतो, वर-खाली जाताना दुसऱ्या ओळीत तोच कॉलम पकडायला बघतो, या सगळ्या वाटांनी तो क्लस्टरच्या मधे जाऊन पडू शकतो.

---

जुना_टर्मिनल

बफरचं झालं, आता स्क्रीनबद्दल थोडं, कारण ओळ घालणं दोनदा होतं, एकदा मेमरीत आणि एकदा पडद्यावर.

बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत एक्स (व्हीआयच्या आधीचा ओळींवर चालणारा एडिटर) आणि व्हीआय लिहिले तेव्हा तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, समोर एडीएम-३ए टर्मिनल. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी गुणिले ८० म्हणजे १९२० अक्षरं, गच्च भरलेला पडदा पूर्ण परत काढायचा तर मिनिटापेक्षा जास्त वेळ. आणि एडीएम-३ए ला 'इथे ओळ घाल आणि खालच्या ओळी सरकव' अशी सोयच नव्हती. म्हणून व्हीआयच्या कोडमध्ये कमीत कमी अक्षरं पाठवून पडदा कसा सुधारायचा यावर इतका विचार दिसतो.

आजची जवळजवळ सगळी टर्मिनल एस्केप, चौकोनी कंस, मोठा एल ही सीक्वेन्स ओळखतात. व्हीटी१०२ पासून आलेली, कर्सर असलेल्या ओळीपासून खालचं सगळं एक ओळ खाली सरकतं आणि तिथे कोरी ओळ येते. फक्त लक्षात ठेवा, तुमची स्टेटसची ओळ सगळ्यात खाली असेल तर ती पण ढकलली जाईल. आधी स्क्रोल रीजन (पडद्याचा सरकणारा भाग) ठरवून द्यायचा, वरून पहिल्या ओळीपासून स्टेटसच्या आधीपर्यंत, मग ओळ घालायची.

तरी माझा सल्ला, पहिल्यांदा किलोसारखा पूर्ण पडदा एका बफरात तयार करून एकाच राइटमध्ये पाठवा. लोकल मशीनवर पुरेसं आहे. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने वापरायला लागलात आणि लाइन खराब असली की मग याकडे वळा.

---

गोदाकाठ

जरा बाजूचं आहे पण उपयोगी. स्क्रिप्टमधून फाईलच्या वर एक ओळ घालायला सगळे सेड (ओळीओळीने फाईल बदलणारी युनिक्सची कमांड) वापरतात, १आय लिहून. फाईल पूर्ण रिकामी असेल तर ते काहीच करत नाही, कारण सेड ओळी वाचत वाचत जातो, पहिली ओळ आलीच नाही तर कमांड चालणार कधी? तिथे एडचं ०ए बिनचूक चालतं. सर्व्हरवर नव्या कॉन्फिग फायलींमध्ये हेडर टाकायची स्क्रिप्ट होती, काही फायली कोऱ्या राहायच्या आणि कारण सापडत नव्हतं, ते हे निघालं. काकांचा शून्य इथेही कामी आला.

---

तांबडी_माती

अजून एक मोठा विषय राहिला, खुणा. मार्क ए, मार्क बी, व्हिज्युअल सिलेक्शनची टोकं, दुसऱ्या विंडोचा कर्सर, कंपाइल एररची यादी, जिथे जिथे तू ओळ नंबर साठवलायस ते सगळं ओळ घातली की खोटं होतं. जागा क ला म ओळी घातल्या तर क आणि त्यापुढच्या इंडेक्सच्या खुणा म ने वाढवायच्या, आधीच्या तशाच. हे खालच्या थरातच कर, म्हणजे कुठलीही कमांड विसरणार नाही. विममध्ये एमएल_अपेंड आणि खुणा सरकवणं वेगळं आहे आणि बोलावणाऱ्याने दोन्ही करायचं असतं, मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्यांना तशी गरज असेल, तुला नाही.

जी कमांड करणार असशील (या पॅटर्नच्या प्रत्येक ओळीवर अमुक कर) तर हे फारच महत्त्वाचं. समज, 'टीप' शब्द असलेल्या प्रत्येक ओळीखाली तीच ओळ परत कॉपी करायची. सरळ लूप लावून वरून खाली गेलास तर कॉपी केलेल्या ओळीतही 'टीप' आहे, तिचीही कॉपी, तिचीही कॉपी, कधी थांबणारच नाही. एडमध्ये म्हणून दोन फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत जुळणाऱ्या ओळींवर फक्त खूण करायची, दुसरीत खूण असलेली ओळ शोधायची, खूण पुसायची, कमांड चालवायची. नव्या ओळींवर खूण नसते. आणि ती खूण कुठे ठेवली होती माहितीये का, ओळीच्या पॉइंटरच्या सगळ्यात खालच्या बिटमध्ये! त्यामुळे वर कितीही ओळी घातल्या आणि सगळं सरकलं तरी खूण ओळीबरोबरच सरकते, नंबर सांभाळायची गरज नाही. मला हा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका आवडला होता की दोनतीनदा परत वाचला.

तू ओळीच्या स्ट्रक्टमध्ये एक फ्लॅग ठेव, तेवढंच पुरे.

---

अर्धविराम

फ्लॅग टाकतो. खुणा सरकवणं खालच्या थरात गेलं, त्यामुळे मार्कवर उडी आता बरोबर पडतेय.

आता ५ओ आणि उंडू राहिलं. ५ओ ला आधी पाच कोऱ्या ओळी घालून मग टाइप करू द्यायचं का? आणि ओ, टाइपिंग, एस्केप हे सगळं एका यू ने (उंडूची कमांड) गेलं पाहिजे, त्याला काय साठवू?

---

खडूफळा

५ओ : विम आधी *एकच* ओळ उघडतो. तू टाइप करतोस, एस्केप दाबतोस, मग तोच मजकूर अजून चार वेळा, प्रत्येक वेळी नवी ओळ उघडून. म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये काय टाइप झालं ते रेकॉर्ड करावं लागतं. ते रेकॉर्डिंग कर, कारण डॉट कमांडला (शेवटची कमांड परत चालवणारी) तेच लागतं, दोन्ही कामं एका दगडात. आकडाही रेकॉर्डमध्ये ठेव, म्हणजे ५ओ नंतर डॉट दाबला की परत पाच.

उंडू : ओळ घातल्याचं उलटं म्हणजे ओळ काढणं, म्हणून घालताना मजकूर साठवायची गरजच नाही, 'जागा क, म ओळी' एवढेच दोन आकडे. उंडू करताना त्या ओळी फ्री करायच्या नाहीत, उचलून रीडूसाठी बाजूला ठेवायच्या. विम याचंच एक साधं रूप करतो, वरची न बदललेली ओळ आणि खालची न बदललेली ओळ यांचे नंबर साठवतो आणि त्यांच्या मधला मजकूर. ओ च्या वेळी मधे काहीच नसतं, तर काहीच साठवलं जात नाही. एन्टरला मात्र दोन बदल आहेत, जुनी ओळ छोटी झाली आणि नवी आली, ते एका गटात बांध. गट इन्सर्ट मोडमध्ये शिरताना उघड, एस्केपला बंद कर, ५ओ च्या चार जादा ओळीही बंद करायच्या *आधी* त्याच गटात घाल.

कर्सर कुठे होता ते पण गटात ठेव. मोठा ओ उंडू केल्यावर कर्सर मूळ ओळीवर परत यायला हवा.

---

मध्यरात्र

ऑटोइंडेंट करणार असशील तर वरच्या ओळीची सुरुवातीची जागा *जशीच्या तशी* कॉपी कर, टॅब असेल तर टॅब, स्पेस असेल तर स्पेस, मोजून परत बनवू नकोस. आणि ओ दाबून काहीच टाइप न करता एस्केप दाबला तर तो इंडेंट काढून टाक, विम काढतो. नाहीतर फाईलभर नुसत्या स्पेस असलेल्या ओळी होतात आणि गिटच्या डिफमध्ये लाल पट्टे दिसत राहतात.

---

अर्धविराम

करून पाहिलं. आता छोटा ओ, मोठा ओ, पी, मोठा पी, आर सगळे ओळी_घाल वर आहेत, प्रत्येकाचा कोड तीन-चार ओळींचा उरलाय, इफ एकही नाही. रिकामी फाईल, पहिली ओळ, शेवटची ओळ तिन्हीकडे चालतंय. ५ओ आणि त्याचं एका यू ने जाणं पण झालं. 'सुर्‍या' च्या दोन्ही प्रकारांवर एन्टर, मग यू, मग फाईल सेव्ह करून मूळ फाईलशी बाइट बाय बाइट तुलना केली, सारखी आली.

एकच अडकलंय, मूळ फाईलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नव्हती, आणि मी काहीही न बदलता सेव्ह केलं तरी आता ती येते.

---

गोदाकाठ

फाईल वाचताना 'शेवटी न्यूलाइन होती का' हा एक फ्लॅग बफरवर ठेव, ओळीवर नको. ओळीवर ठेवलास तर तिच्याखाली ओ ने नवी ओळ घातली की तो फ्लॅग मधल्या ओळीवर अडकतो आणि सेव्ह करताना दोन ओळी चिकटतात. सेव्ह करताना मधल्या सगळ्यांना न्यूलाइन द्यायचीच, शेवटच्या ओळीला फ्लॅग बघून. शेवटची ओळ बदलली असेल किंवा तिच्याखाली काही घातलं असेल तर फ्लॅग बदलून न्यूलाइन टाक, नाहीतर जशी होती तशी राहू दे. विंडोजवरच्या फायलींत ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या (एलएफ) आधी येणारं सीआर हे जादा चिन्ह पण असंच बफरवर ठेव, नाहीतर ओ ने घातलेल्या ओळी एलएफ आणि बाकीच्या सीआरएलएफ अशी खिचडी होईल.